चित्रकार म्हणतो, "हे माझं नाही"

"सही जुळली की चित्र खरं. बँकेत आम्ही चेक असेच पास करायचो," अण्णा म्हणाले, आणि तिथून जी जुंपली ती चहाचे दोन राउंड झाले तरी मिटली नाही.

विषय काढला होता पक्यानं. तो मिसिसागाहून महिनाभरासाठी आलाय. तिथल्या त्याच्या साहेबाच्या दिवाणखान्यात मॉरिसोचं एक चित्र टांगलेलं आहे आणि ते खरं की बनावट या काळजीनं सध्या साहेबाची झोप उडालीय. नॉर्व्हल मॉरिसो हा कॅनडातला अनिशिनाबे या आदिवासी समाजातला चित्रकार. जाड काळ्या रेषा, भडक रंग, अस्वलाच्या नाहीतर माशाच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून दिसावं अशी आकृती. १९६२ साली टोरांटोत पहिलं प्रदर्शन भरलं आणि सगळी चित्रं खपली. २००६ मध्ये ओटावाच्या नॅशनल गॅलरीनं त्याचं एकट्याचं मोठं प्रदर्शन केलं. तिथल्या कुठल्याही आदिवासी चित्रकाराला त्याआधी हा मान मिळाला नव्हता. पुढच्याच वर्षी तो गेला.

बाळ्याचं फ्रेमिंगचं दुकान आहे, त्यामुळे त्याला चित्राच्या पाठीत जास्त रस. "सही कुठंय पण?" त्यानं विचारलं. पक्यानं फोनवर दाखवलं. पुढच्या बाजूला क्री या तिथल्या आदिवासी भाषेच्या लिपीतली सही, म्हणजे 'कॉपर थंडरबर्ड' हे त्याचं नाव. ती लिपी त्याला बायकोनं शिकवलेली. आणि कॅनव्हासच्या मागे सुक्या ब्रशानं, काळ्या रंगात, इंग्रजीत पूर्ण नाव, चित्राचं शीर्षक, साल.

"इथंच घोळ आहे," बाळ्या म्हणाला. "दारूच्या बाटलीसाठी चित्र देऊन टाकणारा माणूस मागे एवढी टापटीप नोंद करत बसेल? ही सही गिऱ्हाइकासाठी आहे."

कॅनडातला वाद खरोखर या मागच्या सहीवरच पेटला होता. अण्णांना हे सांगितल्यावर ते जरा सुखावले, कारण ही सही त्याचीच, असं म्हणणारे हस्ताक्षरतज्ज्ञही तिथल्या कोर्टात उभे राहिले होते. मग पक्यानं पुढचं सांगितलं. थंडर बे गावात डेव्हिड व्हॉस नावाच्या माणसानं १९९६ पासून कारखानाच काढला होता. हा पेन्सिलीनं आकृती काढायचा, प्रत्येक कप्प्यात कुठला रंग भरायचा त्याचं अक्षर लिहायचा, हिरव्याला 'जी', आणि बाकीची मंडळी रंग भरायची. इन्फ्रारेडखाली चित्र धरलं की रंगाच्या पोटातून ती अक्षरं दिसतात. २०२३ च्या मार्चमध्ये पोलिसांनी आठ जणांना धरलं, हजारावर चित्रं जप्त केली. अशीच टोळी चालवणारा गॅरी लॅमाँट आणि हा व्हॉस, दोघांनीही गुन्हा कबूल केला. दोघांना पाच-पाच वर्षं. लॅमाँटच्या टोळीनं तर खुद्द मॉरिसोच्या पुतण्याकडून खोटी चित्रं रंगवून घेतली होती.

"बघा अण्णा, तुमचा चेक बाउन्स," बाळ्या.

अण्णा हार मानणाऱ्यातले नाहीत. "मग ज्यानं विकत घेतलं त्यानं काय करायचं?"

त्याचंही उत्तर कोर्टातच आहे. केव्हिन हर्न हा तिथल्या बेअरनेकेड लेडीज बँडचा वादक. २००५ मध्ये त्यानं वीस हजार डॉलरला एक मॉरिसो घेतला. २०१० मध्ये तो टोरांटोच्या मोठ्या गॅलरीत मांडला आणि लगेच काढावा लागला, कारण चित्र बनावट असल्याची कुणकुण लागली होती. तो कोर्टात गेला. २०१८ मध्ये हरला, कारण चित्र खोटंच आहे हे त्याला सिद्ध करता आलं नाही. वरच्या कोर्टानं २०१९ मध्ये त्याला साठ हजार डॉलर देवविले, ते मुख्यतः चित्रासोबत दिलेला मालकीच्या इतिहासाचा कागद खोटा होता म्हणून. चित्रात काय रंगवलंय हा प्रश्न बाजूलाच राहिला. अण्णांना हे फार पटलं. मला नाही.

कारण या सगळ्यात एक माणूस होता ज्याला विचारलं असतं तर निकाल लागला असता. मॉरिसो जिवंत असताना सांगत होता की बाजारात माझ्या नावावर खोटी चित्रं फिरताहेत. प्रतिज्ञापत्रं करून, एकेका चित्राबद्दल. तर विक्रेत्यांचं म्हणणं काय, की तो दारूडा होता, व्हँकुव्हरच्या रस्त्यावर राहिला होता, आता पार्किन्सन्स झालाय, हजारो चित्रं काढली, त्याला काय आठवतंय? हाच माणूस स्वर्ग, आत्मा, पूर्वज याबद्दल बोलला की कॅटलॉगमध्ये ऋषी. आणि "हे माझं नाही" म्हणाला की बेवडा.

"पण आठवत नसेलही," पक्या म्हणाला. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. चित्रकार विसरतात, मदतनीसांकडून काम करून घेतात, जुनं काम नाकारतातही. "शिवाय त्या गोष्टी त्याच्या समाजाच्या. अस्वल, गर्जणारा पक्षी, सगळं सामाईक. मग नक्कल कशाची?"

इतका वेळ गप्प बसलेले मास्तर इथं बोलले. मास्तर डहाणूचे, वारली कुटुंबातले, शाळेत चित्रकला शिकवतात. "लग्नाचा चौक आमच्याकडे सवाशिणी काढतात. मध्ये पालघाट देवी. खाली कुणाचं नाव नसतं आणि कुणी विचारतही नाही. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे ते कागदावर, कॅनव्हासवर घेऊन आले, पुढं पद्मश्री झाले. आज हजार पोरं तसं काढतात. काढू देत. पण त्यातल्या एखाद्यानं खाली जिव्याचं नाव टाकलं तर ती चोरी."

मॉरिसोच्या बाबतीतही हेच. कार्ल रे, डॅफ्नी ओजिग, जॅक्सन बिअर्डी ही मंडळी त्याच परंपरेत रंगवत होती, त्यांना कुणी बनावट म्हणालं नाही. त्यांनी स्वतःची सही केली. उलट मॉरिसोला सुरुवातीला त्याच्याच समाजातल्या वडीलधाऱ्यांचा रोष पत्करावा लागला, की पवित्र गोष्टी परक्यांना दाखवतोस. तो बोल सोसून त्यानं त्या चित्रात आणल्या, आणि नंतर कुणीतरी पेन्सिलीनं 'जी' लिहून त्याचं दुकान थाटलं. अण्णा म्हणतात भावना बाजूला ठेव. का ठेवू?

मग जप्त केलेल्या हजारभर चित्रांचं काय करावं यावर गाडी गेली. मास्तर म्हणाले जाळा. बाळ्या म्हणतो मागे 'खोटं' असा शिक्का मारा आणि ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी तुलना कशाशी करणार? आमच्यात दोन तट पडले. मी बाळ्याच्या बाजूनं.

पक्याच्या साहेबाला मात्र अण्णांनी परस्पर सल्ला देऊन टाकला. चित्र भिंतीवरून काढ, पावती शोध, पावती कुणाच्या नावाची आहे ते बघ आणि मगच इन्फ्रारेडवर पैसे घाल. पक्यानं तिथंच व्हॉट्सॲपवर टाकलं. साहेबाचं उत्तर आलं की पावती सापडत नाही, पण मागे सही फार सुंदर आहे.