चार भिंतींचा नाच

लाइन डान्सला, म्हणजे ओळींत उभं राहून सगळ्यांनी एकच पावलं टाकायच्या नाचाला, जोडीदार लागत नाही, एवढं एकच कारण सांगून बायकोने मला त्यात ओढलं. "अहो, कुणाचा हात धरायला नको!" म्हणाली. जणू आजवर अडलं होतं ते तेवढ्यावरच.

जागा डॅलसचं क्लाइड वॉरन पार्क. वाहत्या हायवेवर छत टाकून त्यावर केलेली ही पाचेक एकरांची बाग २०१२ साली उघडली. खाली गाड्या धावतात, वर आम्ही. शिकवणाऱ्या वहिनी आमच्या मंडळातल्याच. त्यांनी झाडाखाली स्पीकर ठेवला आणि 'इलेक्ट्रिक स्लाइड' घेतला. हा नाच १९७६चा, म्हणजे माझ्या गुडघ्यांहून तरुणच.

शाळेतल्या कवायतीच्या सवयीने मी शेवटच्या ओळीतला डावा कोपरा धरला. उजवीकडे चार, डावीकडे चार, मागे चार, पुढेमागे टेकत चार आणि दोन मात्रांत डावीकडे पाव वळण. ज्या दिशेला तोंड, तिला या नाचात 'भिंत' म्हणतात; चार वळणं, चार भिंती. वळलो, तर पुढे कोणीच नाही! पुन्हा वळलो, तरी मीच पुढे. माझे पाय बघून नाचणाऱ्या मागच्या आजींचं काय झालं, ते विचारू नका.

त्यात हिशेब अठरा मात्रांचा. भजनात कहरवा वाजवत वाढलेला माणूस मी, आठ-आठ करत समेवर यायचं एवढंच ठाऊक. इथे दर वळणाला दोन मात्रा उरतात. मात्र चौथं वळण संपतं तेव्हा बरोबर बहात्तर भरतात, कहरव्याची नऊ आवर्तनं! सम आणि स्पीकर एकदम समोर. मी मान डोलावून दाद दिली.

"भाऊजी, मान नको, पाय हलवा."

मग गणेशोत्सवात हेच स्टेजवर करायचं ठरलं. बागेत कुठेही वळा, समोर कोणीतरी असतंच, निदान बाबागाडीतलं पोर तरी. रंगमंचाची उघडी बाजू एकच. म्हणजे चारातल्या तीन भिंतींच्या वेळी प्रेक्षकांना खांदा नाहीतर पाठ. राज्य नाट्य स्पर्धा गाजवलेले एक काका कडाडले, "प्रेक्षकांना पाठ? वळणंच काढा!" वहिनी म्हणाल्या, "मग उरते ती पी.टी." दोघांचंही खरं होतं, म्हणून बैठक लांबली. शेवटी तोडगा निघाला: पाठ दिसणारच आहे, तर कुर्त्याचं भरतकाम पाठीवर घ्यायचं.

पुण्यातल्या शिंप्याला फोनवर समजावताना माझा घसा बसला. "साहेब, पुढचं सगळं मागे, असंच ना?" त्याने दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हणालो.

पार्सल आलं. भरतकाम सुरेख होतं, पाठीवरच होतं. बटणंही पाठीवर होती.

प्रयोगाच्या दिवशी विंगेत आम्ही सगळे पुरुष एकामागे एक उभे राहून पुढच्याची बटणं लावत होतो. इतकी सरळ ओळ आमच्याकडून नंतर स्टेजवर काही झाली नाही.