जोन ऑफ आर्कचं दोंरेमी आडबाजूचं गाव नव्हतं

पंधराव्या शतकात इंग्रजांविरुद्ध फ्रेंच सैन्याबरोबर लढलेल्या जोन ऑफ आर्कच्या जन्मगावाबद्दलचा एक मजकूर सगळीकडे फिरत असतो. शब्द थोडे बदलतात, गाभा तोच राहतो: दोंरेमी हे फ्रान्सच्या आडबाजूचं, जगाची खबरबात नसलेलं खेडं, तिथली एक गरीब मेंढपाळ पोर, तिला आवाज ऐकू आले आणि ती एकटीच राजाकडे निघाली, तिचं घर आजही जसंच्या तसं आहे आणि गावाला आजही करमाफी आहे. वाचायला छान आहे, पण यातलं बहुतेक चुकीचं आहे. आणि या चुकांमुळे त्या गावावरही अन्याय होतो, त्या मुलीवरही.

आधी ‘आडबाजू’ घेऊ. नकाशा उघडून पाहा. दोंरेमी पूर्व फ्रान्सच्या वोज जिल्ह्यात, म्यूज नदीच्या डाव्या काठावर आहे. आजची वस्ती जेमतेम शंभराच्या आसपास. नदी इथे अजून लहानच आहे. पुढे ती बेल्जियम, नेदरलँड्स ओलांडून समुद्राला मिळते. पण सन ८४३ च्या व्हर्दनच्या तहात शार्लमेन सम्राटाचं साम्राज्य नातवांत वाटलं गेलं, तेव्हापासून याच नदीच्या आसपास फ्रान्सचं राज्य संपून पलीकडच्या साम्राज्याची हद्द सुरू व्हायची. लांग्रहून व्हर्दनकडे जाणारा जुना रोमन रस्ता याच खोऱ्यातून जायचा. खुद्द गावाचेही दोन भाग होते: ओढ्याच्या एका बाजूची घरं बारच्या ड्यूकच्या अमलाखाली, दुसऱ्या बाजूची थेट राजाच्या. जोनचं घर नेमकं कुठल्या बाजूला, यावर इतिहासकारांचे वाद झाले आहेत.

नदीपलीकडचं मॅक्से गाव बर्गंडीच्या, म्हणजे इंग्रजांच्या दोस्तांच्या पक्षाचं. इंग्रजांच्या बाजूच्या धर्मन्यायालयाने १४३१ मध्ये रुआं शहरात तिच्यावर चालवलेल्या खटल्यात जोननेच सांगितलं की आमच्या गावची पोरं मॅक्सेच्या पोरांशी मारामारी करून यायची, कधी कधी जखमी होऊन, रक्ताने माखून. फ्रान्सच्या गादीचा वारस इंग्रजांचा राजा की फ्रेंच राजपुत्र चार्ल्स, हा झगडा जिथे पोरांच्या मारामारीपर्यंत पोचला होता, त्या गावाला जगाची खबर नव्हती असं कसं म्हणायचं? जुलै १४२८ मध्ये बर्गंडीचं सैन्य जवळच्या वोकुलर या ठाण्यावर चालून आलं, तेव्हा अख्खं दोंरेमी गुरंढोरं घेऊन नफशातो या गावी पळालं. जोनही त्यांच्यात होती. तिथे ती एका बाईच्या खाणावळीत राहिली आणि पुढे खटल्यात याच मुक्कामावरून तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले गेले.

आता ‘गरीब मेंढपाळ’. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, एवढं खरं. पण तिचे वडील जाक द’आर्क गावच्या कारभारी मंडळींपैकी होते. १४२० च्या सुमारास त्यांनी आणखी एकाला बरोबर घेऊन नदीतल्या बेटावरची तटबंदीची गढी खंडाने घेतली. कशासाठी? लुटारू शिपाई आले तर माणसं आणि जनावरं आत घेता यावीत म्हणून. १४२३ मध्ये गावाने कोमेर्सीच्या सरदाराला संरक्षणाचे पैसे देण्याचा करार केला, त्याच्या कागदातही त्यांचं नाव आहे. ही गरिबाची नव्हे, चार माणसांत मान असलेल्या शेतकऱ्याची लक्षणं आहेत.

आणि मेंढ्या? न्यायाधीशांनी तिला हे विचारलं होतं. कुठलं काम शिकलीस, यावर ती म्हणाली, शिवणं आणि सूत कातणं. या कामात रुआंमधल्या कुठल्याही बाईला मी हार जाणार नाही. जनावरांबद्दल तिचं म्हणणं असं की कळती झाल्यापासून ती नेहमी राखत नव्हती, पण कुरणात न्यायला आणि शिपायांची भीती असली की बेटावरच्या त्या गढीत हाकायला मदत करायची. १४५६ मध्ये त्या खटल्याची फेरचौकशी झाली, तेव्हा गावकऱ्यांनी साक्ष दिली की गुरं राखायची घराघरांची पाळी असायची आणि वडिलांच्या पाळीला कधी कधी ती जायची. पाळी आली की गुरांमागे जाणारी शेतकऱ्याची लेक आणि मेंढपाळ यांत फरक आहे. तिने स्वतः शपथेवर सांगितलेलं बाजूला सारून आपण तिच्या हाती काठी का द्यावी?

करमाफीचं थोडक्यात. ३१ जुलै १४२९ रोजी सातव्या चार्ल्सने (तोच राजपुत्र, आता राजा) दोंरेमी आणि शेजारच्या ग्रो या गावांना खरोखरच माफी दिली. पण ऑगस्ट १७८९ मध्ये राज्यक्रांतीने असले विशेषाधिकार मुळापासून रद्द केले. आजचं दोंरेमी इतर फ्रेंच गावांसारखाच कर भरतं.

घराचंही तसंच. दारावरच्या नक्षीकामात १४८१ हे साल कोरलेलं आहे, म्हणजे जोनला जाळल्यानंतर पन्नास वर्षांनी. १८१८ मध्ये जिल्ह्याने ते विकत घेतलं आणि डागडुजी केली. शेजारच्या चर्चची दिशाच एकोणिसाव्या शतकात उलटी करण्यात आली. घर जुनं आहे, जपण्यासारखं आहे, पण जोन ज्यातून बाहेर पडली ते हेच घर, जसंच्या तसं, असं म्हणता येत नाही.

राहिलं ‘एकटीच निघाली’. वोकुलर हे गावापासून उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर, त्या मुलखात राजपुत्र चार्ल्सच्या पक्षाकडे उरलेलं मोक्याचं ठाणं. तिथला किल्लेदार रोबेर द बोद्रिकूर द’आर्क घराण्याला अनोळखी नव्हता. १४२७ मध्ये जाक गावाच्या वतीने एका तंट्यात त्याच्यासमोर उभे राहिले होते. जोनला तिथे घेऊन गेला तो नात्यातला दुराँ लाक्सार. बोद्रिकूरने आधी तिला परत पाठवलं, तरी ती पुन्हा गेली. फेब्रुवारी १४२९ मध्ये ती शिनोंकडे, म्हणजे चार्ल्सचा दरबार होता तिकडे, निघाली तेव्हा सोबत सहा पुरुष होते, त्यांतला कोले द व्हिएन हा राजाचा जासूद. वोकुलरच्या लोकांनी तिला पुरुषी कपडे करून दिले, घोड्याची सोय केली. शत्रूच्या मुलखातून, बराचसा रात्रीचा प्रवास करत ही मंडळी अकरा दिवसांत शिनोंला पोचली.