माया लोक ‘नाहीसे’ झालेले नाहीत

‘प्रगत माया जमात एकाएकी गूढरीत्या नाहीशी झाली, तिचे कॅलेंडर २०१२ मध्ये संपले, आणि आज ग्वाटेमालात दिसणारे रंगीत कपडे म्हणजे स्पॅनिशांनी लादलेला व आता पर्यटकांसाठी जपलेला पोशाख आहे,’ अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर वारंवार फिरत असतो. माया म्हणजे ग्वाटेमाला आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातील मूळ रहिवासी. या तिन्ही विधानांत सत्याचा एकेक कण आहे, म्हणूनच ती पटकन पटतात.

पहिले विधान ‘नाहीसे’ होण्याचे. उत्तर ग्वाटेमालातील पेतेनच्या जंगलातील तिकालसारखी माया नगरे नवव्या-दहाव्या शतकांत ओस पडली, हे खरे. तिकालमधील तारीख कोरलेला शेवटचा शिलास्तंभ इ. स. ८६९ चा आहे. पण नगर ओस पडले म्हणून माणसे संपत नाहीत. हंपीचे अवशेष पाहून कानडी माणूस नाहीसा झाला, असे कोणी म्हणत नाही. त्याच पेतेनमधील नोहपेतेन ही इत्झा मायांची राजधानी स्पॅनिशांच्या हाती पडली ती थेट १६९७ मध्ये. २०१८ च्या जनगणनेत ग्वाटेमालाच्या सुमारे १ कोटी ४९ लाख लोकांपैकी ६२ लाखांनी स्वतःची नोंद माया अशी केली. त्यांच्यावर खरा घाला पडला तो अलीकडे, आणि त्यात गूढ काहीच नाही. १९६० ते १९९६ या काळातील यादवीत सुमारे दोन लाख माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते, असे सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये नोंदवले.

कॅलेंडरचे उत्तर थोडक्यात देता येते. २१ डिसेंबर २०१२ रोजी दीर्घगणनेतील, म्हणजे लांब कालखंड मोजण्याच्या माया पद्धतीतील, १३ बाक्तुनांचे (एक बाक्तुन सुमारे ३९४ वर्षांचा) एक आवर्तन पूर्ण झाले. आपल्याकडे क्षय संवत्सर संपल्यावर पुन्हा प्रभव सुरू होतो, तसाच हा प्रकार. १३ अंक आणि २० दिवसनावे यांची २६० दिवसांची गणना तर ग्वाटेमालातील मोमोस्तेनांगोसारख्या गावांत आजही चालू आहे. दिवस मोजणाऱ्या जाणकाराला किचे या माया भाषेत ‘अखकिख’ म्हणतात.

पोशाखाचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. मेंढ्यांची लोकर आणि पायमाग स्पॅनिशांबरोबर आले, आणि ‘कोर्ते’ या घागऱ्याचे कापड बहुधा पायमागावरच विणले जाते. ‘विपील’ या झग्यासारख्या वरच्या वस्त्राची गोष्ट मात्र निराळी. याश्चिलान या प्राचीन माया नगरातील आठव्या शतकातील शिल्पपटात राणी काबाल शोक हिच्या अंगावर नक्षीदार विपील स्पष्ट दिसतो, म्हणजे स्पॅनिश येण्याच्या सुमारे आठशे वर्षे आधी. तो विणायचा माग म्हणजे काठ्या, दोरी आणि बाईचे स्वतःचे शरीर. एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधायचे, दुसऱ्या टोकाचा पट्टा कमरेमागून घ्यायचा, चटईवर गुडघे टेकून बसायचे आणि मागे-पुढे झुकत ताणा घट्ट-सैल करायचा. कापडाची रुंदी हात पोचतील तेवढीच राहते, म्हणून विपील बहुधा दोन-तीन पट्ट्या जोडून शिवलेला असतो.

पर्यटक तो विकत घेतात, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि चिचिकास्तेनांगोच्या गुरुवार-रविवारच्या बाजारात भाजी घेणाऱ्या बायकांच्या अंगावरही तोच असतो, आणि यंत्रावर नक्षी छापलेले स्वस्त विपील बाजारात येऊ लागल्यावर आपल्या नक्षीवर आपला सामूहिक हक्क असावा, अशी मागणी विणकर स्त्रियांनीच लावून धरली आहे.