बोअरचं पाणी, रॉकेल आणि भाच्याची ऑक्टेव्हिया

रविवारी सकाळी दाजींचा फोन आला. "अरे, पोरगा उगाच कूलंटवर पैसे घालवत होता. मी बोअरचं पाणी भरून दिलंय. मेसेज वाचला नाहीस का तू?"

वाचला होता. आमच्या फॅमिली ग्रुपवर तो तीनदा येऊन गेला, सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा. "स्पोर्ट्स कारवाल्यांना सर्व्हिस सेंटर कधीच सांगणार नाही अशी ५ गुपितं." प्रत्येक वेळी मी सोडून दिलं, कारण फॉरवर्डला उत्तरं देत बसलो तर काम कधी करायचं? पण आता इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या जागी ते पाणी माझ्या भाच्याच्या गाडीत गेलंय. पोराने तीन वर्षं पैसे साठवून सेकंड हँड घेतलेली २०१७ ची स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस, दोन लिटरचं टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असलेलं) पेट्रोल इंजिन, २३० हॉर्सपॉवर. म्हणून आता लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा: कूलंटची पातळी बघायची तर इंजिन गरम असतानाच टाकीचं झाकण उघडून बघा, थंड असताना ती खोटी दिसते. कूलंट हे बर्फाच्या देशांसाठी, आपल्याकडे साधं पाणी बास. ऑइल काळं पडलं की ते मेलं. आपल्या उन्हात टर्बोला जाड २०डब्ल्यू-५० ऑइलच घाला. आणि ऑइल बदलण्याआधी इंजिनात अर्धा लिटर रॉकेल टाकून दहा मिनिटं चालू ठेवा.

झाकणापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या गोष्टींनी इंजिन नाहीतर पैसे जातील, हिने माणूस भाजेल.

मी काम शिकत होतो तेव्हाची गोष्ट. मे महिना, खंबाटकी घाटात एक जीप तापून उभी होती आणि आम्ही दोघं पोरं ती आणायला गेलो होतो. माझ्या जोडीदाराने ओल्या फडक्याने रेडिएटरचं झाकण धरलं आणि फिरवलं. अर्धा फेरासुद्धा झाला नसेल. हनुवटीपासून छातीपर्यंत पाणी उसळलं. शर्ट कातडीला चिकटला होता, तो शिरवळला कात्रीने कापून काढावा लागला. आजही तो वरचं बटण उघडं ठेवत नाही.

असं का होतं ते समजून घ्या. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. गाडीची कूलिंग सिस्टिम बंद असते, आत दाब असतो, त्यामुळे तेच पाणी ११० अंशांनाही उकळत नाही, गप्प बसलेलं असतं. झाकण सैल केलं की दाब जातो आणि ते सगळं एका क्षणात उकळतं. ओलं फडकं त्याच्यापुढे काय टिकणार?

आणि या गाडीत तर झाकणाला हात लावायचंच कारण नाही! टाकी अर्धपारदर्शक आहे. बोनेट उघडा, इंजिन थंड असताना बाहेरूनच बघा, पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का. त्या खुणा थंड इंजिनासाठीच दिलेल्या असतात. गरम झालं की कूलंट फुगतं, म्हणजे खोटी दिसते ती गरम असतानाची पातळी. मेसेज लिहिणाऱ्याने बरोबर उलटं सांगितलंय.

आता दाजींचं बोअरचं पाणी. भाच्याच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये गाडीचं मॅन्युअल आहे, मी ते त्यांच्यासमोर उघडून वाचून दाखवलं. स्कोडा त्यात स्पष्ट सांगते की पाण्यात कूलंटचं प्रमाण कधीच ४० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, आणि पुढे मुद्दाम लिहिलंय की उष्ण हवामानाच्या देशांतही नाही. "थंड देशांसाठी" हा मुद्दा इथेच संपतो. बर्फापासून बचाव हे कूलंटच्या अनेक कामांपैकी एक. ते उकळण्याचा बिंदू वर नेतं, ॲल्युमिनियमच्या हेडला गंजण्यापासून वाचवतं आणि आत क्षार धरू देत नाही. सिंहगड रोडला ताईच्या घरी किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो, बोटाने खरवडला तर पापुद्रा निघतो. तो थर कुठे बसवायचाय तुम्हाला? हेडमधल्या बोटभर रुंदीच्या वाटांमध्ये? केबिन गरम करणाऱ्या हीटरच्या जाळीत? या इंजिनाचं वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं (कूलंटचं तापमान राखणाऱ्या व्हॉल्व्हचं) घर प्लास्टिकचं आहे आणि ते गळण्यासाठी आधीच बदनाम आहे.

आणखी एक. या गाडीचा तापमानाचा काटा ९० वर चिकटून असतो. आतलं तापमान थोडं खालीवर झालं तरी तो हलत नाही, तसाच बनवलाय. त्यामुळे "काटा तर मधेच आहे, म्हणजे पाणी चाललं" हा पुरावा धरू नका. काटा हलेल तेव्हा बराच उशीर झालेला असेल.

एक मान्य करतो, नाइलाजाने. घाटात कूलंट गळालं, जवळ काही नाही, तर इंजिन थंड होऊ देऊन पाणी घालून गॅरेजपर्यंत या. मिळालं तर डिस्टिल्ड वॉटर, नाहीच मिळालं तर बिसलेरी. पण ती मलमपट्टी झाली. गॅरेजला पोचलात की सिस्टिम रिकामी करून योग्य प्रमाणात कूलंट भरून घ्या. आणि बाटलीचा रंग बघून कूलंट घेऊ नका. गुलाबी दिसणारी वेगवेगळी रसायनं बाजारात आहेत. मागच्या लेबलवर गाडीच्या कंपनीचा मान्यता क्रमांक बघा.

रॉकेलबद्दल तर चीड येते. जुन्या गाड्यांच्या इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये लोणी झाल्यासारखा गाळ साचायचा, तेव्हा काही मिस्त्री डिझेल फिरवायचे, हे खरंय. त्या इंजिनात टर्बो नव्हता. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याला आधार फक्त ऑइलच्या पातळ थराचा. त्यात अर्धा लिटर रॉकेल मिसळलं की तो थर फाटतो, धातूवर धातू घासतो. दहा मिनिटं! शिवाय ड्रेन नट उघडला म्हणजे सगळं बाहेर आलं असं नसतं. वाटांमध्ये उरलेलं रॉकेल नव्या ऑइलमध्ये मिसळतं.

ऑइल काळं पडणं म्हणजे ते काम करतंय. काजळी धरून ठेवणं हे त्यातल्या डिटर्जंटचं कामच आहे, आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनात ते लवकर काळं होतं. बदलायचं ते किलोमीटर आणि महिने बघून. घाबरायचं ते ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर, म्हणजे त्यात कूलंट शिरलंय.

जाड ऑइलचा मुद्दा. ५डब्ल्यू-४० मधला ५ म्हणजे थंडीत सुरू होतानाचा पातळपणा. गरम इंजिनात बघायचा तो ४०, आणि तो पुण्याच्या मे महिन्यालाही पुरतो. या इंजिनाला स्कोडाची मालक कंपनी फोक्सवॅगनच्या 'व्हीडब्ल्यू ५०२ ००' मान्यतेचं ऑइल लागतं, ते डब्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. झिजलेल्या जुन्या इंजिनाचा धूर जाड ऑइलने कमी होतो, तेवढंच काय ते खरं. पण या गाडीत सकाळी पहिल्या सेल्फला २०डब्ल्यू-५० वर टर्बोपर्यंत पोचायला वेळ लावेल, आणि जास्त झीज तेव्हाच होते. पातळी मात्र दर हजार किलोमीटरला बघा. मॅन्युअलच सांगतं की हे इंजिन हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत ऑइल खाऊ शकतं. सपाट जागा, गरम इंजिन बंद करून काही मिनिटं थांबायचं, कांडी पुसून परत घालायची, मग बघायचं. मॅक्सच्या वर भरू नका, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो.

रविवारी दुपारी मी आणि भाच्याने ते पाणी काढलं. दोनदा डिस्टिल्ड वॉटर फिरवलं, मग कूलंट भरून आत अडकलेली हवा काढली. दाजी शेजारी टॉर्च धरून उभे होते. काढलेलं पाणी बादलीत गढूळ दिसलं तेव्हा त्यांनी ते बोटांवर घेऊन चोळून पाहिलं आणि ग्रुपवरचा आपला मेसेज डिलीट केला.

मेसेजच्या पाच गुपितांत गिअरबॉक्सच्या ऑइलचं नाव नाही. या गाडीच्या सहा गिअरच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला दर ६०,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर लागतो. भाच्याची गाडी ५८,४०० वर आहे.