दोन गाड्या समोरासमोर

शाब्दिक उदाहरणातल्या प्रवाशाला ना भूक लागते, ना लघवी. तो सकाळी आठला ताशी 60 च्या वेगाने निघतो आणि मुक्काम येईपर्यंत काटा तसूभर हलत नाही. असा माणूस मी तरी नागपुरात पाहिला नाही. इथं तर्री-पोह्याचा ठेला दिसला की वेग आपोआप शून्य होतो.

भाचा पोलीस भरतीची तयारी करतो. धावण्यात पक्का, पण कागदावर दुसरं कोणी धावायला लागलं की त्याला घाम फुटतो. मग पुस्तक माझ्याकडे येतं, तेही भर मे महिन्यात, कूलरच्या घरघरीत. "मामा, एवढं सांगून द्या न!"

खरं तर रेल्वेच्या गणिताला नागपूरकरानं घाबरू नये. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग आमच्याच गावात एकमेकांना छेदतात. पण पुस्तकातली गाडी वेगळीच. 150 मीटर लांबीची, ताशी 54 किलोमीटरने धावणारी. खांब किती सेकंदात ओलांडेल? तासाचे किलोमीटर सेकंदाच्या मीटरात आणायला 54 ला 5/18 ने गुणलं की सेकंदाला 15 मीटर, म्हणजे 10 सेकंद.

"खांबाची रुंदी काऊन नाही धरली?"

"खांबाची नसते धरायची. 300 मीटरचा फलाट असला तर त्याची लांबी धरायची. मग 450 भागिले 15, 30 सेकंद."

"म्हणजे गरिबाला इथंही कोणी मोजत नाही."

हा पोरगा पोलिसात गेला तर पंचनामे वाचनीय होतील.

पुढं नाव आणि प्रवाह. प्रवाहाच्या दिशेने ताशी 12, उलट 8. बेरजेचं निम्मं नावेला, वजाबाकीचं निम्मं प्रवाहाला: 10 आणि 2. मी समजवायला नाग नदीचं उदाहरण घेतलं, तर म्हणे आधी नाकाला रुमाल बांधणारा नावाडी शोधा.

खरी मेख सरासरीत. जाताना ताशी 60, त्याच रस्त्यानं येताना 40, तर सरासरी? घरातल्या सगळ्यांनी 50 सांगितलं. ताईनं तर पोळी लाटता लाटता. उत्तर 48. अंतर 120 धरा: जाताना दोन तास, येताना तीन, म्हणून 240 भागिले 5. हळू चालणाऱ्या गाडीत आपण जास्त वेळ बसून असतो, तीच सरासरीला खाली ओढते. अख्ख्या पुस्तकात मला मनापासून पटलेलं गणित हे एकच. वर्धा रोडवर गाडी दामटून वाचवलेली मिनिटं बर्डीच्या गर्दीत व्याजासकट फेडावी लागतात, हे इथला कुठलाही स्कूटीवाला सांगेल.

शेवटी त्याला जरा सोपं घातलं. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर, कार सलग ताशी 120 ने गेली तर किती वेळ?

त्यानं खटाखट भागाकार केला. "पाच तास साडेपन्नास मिनिटं!"

"अन् चहाले कुठं थांबसान?" स्वयंपाकघरातून ताई.

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं आणि उत्तरापुढं 'अधिक क्ष' लिहिलं.