पौर्णिमेला डोकं फिरतं म्हणे!

दर पौर्णिमेच्या आदल्या दिवशी फॅमिली ग्रुपवर तोच मेसेज फिरतो. पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्र लहानमोठा दिसतो, शरीरात 70 टक्के पाणी म्हणून पौर्णिमेला समुद्रासारखी मनालाही भरती येते, तेव्हा वेडेपणा आणि गुन्हे वाढतात, आणि अमावस्येला चंद्राची शक्ती शून्य म्हणून दिवस अशुभ. खाली हात जोडलेले. चला, एकेक बघू.

सावलीचं आधी उरकून टाकतो. शुद्ध अष्टमीला दुपारी चारच्या सुमारास गच्चीवर जा, पश्चिमेला सूर्य आणि पूर्वेकडे अर्धा चंद्र, दोन्ही एकाच वेळी दिसतील. पृथ्वीची सावली सूर्याच्या बरोबर उलट दिशेला असते, म्हणजे ती तेव्हा क्षितिजाखाली, मग चंद्र अर्धा कोणी झाकला? कोणीच नाही, त्याची उजेडातली बाजू आपल्याला अर्धीच दिसते एवढंच. सावली पडते ती चंद्रग्रहणात, आणि चंद्राची कक्षा साधारण 5 अंशांनी कललेली असल्याने ते दर पौर्णिमेला होत नाही.

आता पाणी, हा सगळ्यांचा लाडका मुद्दा. कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा, उधाण पौर्णिमेला येतं तसं अमावस्येलाही येतं आणि भांगाचं पाणी, म्हणजे सगळ्यात कमी चढउतार, अष्टमीच्या आसपास असतं. म्हणजे भरतीचंच लॉजिक लावायचं तर अमावस्येलाही डोकं तेवढंच फिरायला हवं, पण मेसेजवाले म्हणतात त्या दिवशी शक्ती शून्य! शिवाय भरती दिवसातून दोनदा येते, मग मनाला पण साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी येते का? मुळात भरती येते कारण पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूवर ओढ जास्त आणि पलीकडच्या बाजूवर कमी पडते, मधलं अंतर जवळजवळ 12,700 किलोमीटर. तुमच्या डोक्यात आणि पायात साडेपाच फूट. अमेरिकेतल्या ग्रेट लेक्ससारख्या अवाढव्य तळ्यांतसुद्धा ही भरती 5 सेंटिमीटरच्या आतच राहते, तिथे आपल्या पोटातल्या पाण्याचं काय घेऊन बसलात. (आणि मोठ्या माणसाच्या अंगात पाणी साधारण 60 टक्के असतं, पण जाऊ दे.)

वेडेपणा, गुन्हे वगैरेंवरचे 37 अभ्यास 1985 मध्ये दोन संशोधकांनी एकत्र तपासले, चंद्राशी धड संबंध सापडला नाही. झोपेचं मात्र थोडं खरं असू शकतं, 2021 मध्ये अर्जेंटिनातल्या तोबा या आदिवासी लोकांवर झालेल्या अभ्यासात पौर्णिमेच्या आधीच्या रात्री लोक उशिरा आणि कमी झोपताना दिसले. पण उशिरा झोपणं वेगळं आणि वेड लागणं वेगळं, नाहीतर आमची अख्खी सोसायटी वेडी ठरेल.

राहिली अमावस्या. चंद्र त्या दिवशी कुठे जात नाही, दिवसा सूर्याच्या बाजूलाच असतो, उजेडाची बाजू पलीकडे म्हणून दिसत नाही. 25 ऑक्टोबर 2022 ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, मावळत्या सूर्याचा तुकडा त्यानेच झाकला होता, महाराष्ट्रातून दिसलं ते. आणि अशुभ कसली? बैलपोळा अमावस्येला, सोमवती अमावस्येला जेजुरीत खंडोबाची पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला जाते, तमिळ लोक तर नवीन कामाला अमावस्या चांगली मानतात. हा मेसेज ग्रुपवर टाकणाऱ्या आमच्या काकांचं दुकान आहे, त्यांचं वहीपूजन दरवर्षी लक्ष्मीपूजनाला म्हणजे अमावस्येलाच असतं, पेढे आम्हीच खातो.