बीपी-शुगरची गोळी मध्येच का सुटली, हे विचारणार कोण?

आरोग्य सर्वेक्षणाचे प्रश्न गावाने ठरवावेत म्हटलं की शिकलेली माणसं हसतात. "लोकांना काय कळतंय त्यातलं?" सांगली जिल्ह्यात राहून असं म्हणणाऱ्याला मी येरळेच्या काठावर नेईन. १९८०च्या दशकात बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी वाळूउपशाविरुद्ध कंबर कसली, गावाच्या वाट्याची थोडी वाळू विकून पैसा उभा केला आणि बळीराजा धरण बांधायला घेतलं. पाणी कुठल्या पिकाला, भूमिहीनाचा वाटा किती, हे प्रश्न दुष्काळात होरपळलेल्यांनीच मांडले. पाण्याचं जमलं, तर बीपी-शुगरचं का जमू नये?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३च्या अभ्यासात देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब निघाला. आकडे खरेच आहेत. पण वाळव्याचा ऊसबागायतदार आणि जतची कोरडवाहू शेतातली बाई एकाच सरासरीत घातली की मधली दरी दिसेनाशी होते. त्याची गाडी दारात आणि मिरजेचे दवाखाने हाकेवर. हिची एसटी चुकली की दिवसाची मजुरी गेली. सरकारी गोळी फुकट, ती आणायला जाणं फुकट नाही.

आता फॉर्मचं बघा. आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजाराचा धोका गुणांत मोजायचा कागद, भरते. वय, कमरेचा घेर, दारू, तंबाखू, घरात कुणाला बीपी-शुगर. गुण चारच्या वर गेले की तपासणीला आधी नंबर. सोय चांगली आहे, मी नावं ठेवत नाही. पण त्यात विचारतात, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम होतो का? द्राक्षबागेत दिवसभर हात वर करून विरळणी करणारी माझी जाऊ यावर इतकी हसली की आशाताईलाही हसू आवरेना. तंबाखूला मात्र तिने ठसक्यात "नाही" सांगितलं, दाताला मिश्री लावलेली असताना! आमच्याकडे बायका मिश्रीला तंबाखूत धरतच नाहीत. आणि चालू झालेली गोळी मध्येच का सुटली, हा प्रश्न त्या फॉर्मात नाहीच.

का सुटते ते गावात कुणालाही विचारा. विटा-आटपाडीकडचा गलाईवाला कोइमतूरला सोनं गाळत बसलेला असतो, नाव इथल्या उपकेंद्राच्या यादीत. माणदेशातला माथाडी मुंबईत. मेंढपाळ पाऊस सरला की मेंढरं घेऊन बाहेर पडतो, जतचा ऊसतोड मजूर हंगामभर फडात. गोळ्या मिळतात महिन्याच्या. मग रजिस्टरला शेरा पडतो, "उपचार सोडले". अहो, सोडले नाहीत, तो पोटामागे गेलाय! कितीतरी घरांत नवरा-बायको एकाच पाकिटातल्या गोळ्या वाटून खातात, आणि डॉक्टरसाहेब म्हणतात डोस वाढवू.

सरकारी यंत्रणेला जमत नाही असंही नाही. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम राज्यात ज्या चार जिल्ह्यांत आधी आला, त्यात भंडारा, वर्धा, सिंधुदुर्गबरोबर आपला शेजारी सातारा होता. सगळीकडे ठरलेली औषधं, महिन्याच्या गोळ्या एकदम, प्रत्येक रुग्णाची नोंद, न आलेल्याचा पाठपुरावा. पद्धत सरळ आहे. माझं म्हणणं एवढंच, की न आलेल्यांची कारणं गावाने गोळा करावीत आणि धोरण त्यावरून बदलावं. बाहेर जाणाऱ्याला तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात की जिथे जाईल तिथे मिळायची सोय करावी, हे पुण्या-मुंबईच्या बैठकीत कळणार नाही. लोकांनाच हे कळतं याचा दाखला जवळच आहे. सांगलीत संग्राम संस्थेचं काम १९९२पासून आहे. एचआयव्हीच्या त्या काळात वेश्याव्यवसायातल्या बायकांनी कंडोम वाटण्यापासून सगळं स्वतःच्या हातात घेतलं, १९९६ला स्वतःची व्हॅम्प (वेश्या अन्याय मुक्ती परिषद) ही संघटना काढली. धंद्यात नकार कुठे देता येतो आणि कुठे नाही, हे त्यांच्याइतकं कुठल्या अधिकाऱ्याला ठाऊक होतं?

यात एक मोठी मेख आहे. गाव म्हणजे पारावर बसलेले चार पुरुष, असं झालं तर सगळं मुसळ केरात. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे, ती कागदावर उरकू नये. विधवा, एकट्या म्हाताऱ्या, पालावरच्या बायका बोलल्या पाहिजेत. आणि ग्रामसभेत कारणं वाचायची, नावं नाहीत. कुणाला कसला आजार आहे याची चावडीवर चर्चा नको.

आमच्या बचत गटातल्या बायका प्रश्न लिहायला बसल्यात. ग्राम आरोग्य समितीच्या निधीतून झेरॉक्सचा खर्च निघेल का, ते ग्रामसेवकांना विचारलंय. निष्कर्ष आधी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचायचे, मग तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा परिषदेत न्यायचे, असं ठरतंय. शेजारच्या गावांनी हेच प्रश्न घेतले तर बरं, एका गावाचा कागद कोण वाचतो? मसुदा हवा असेल त्यांनी निरोप द्या. मिश्रीचं कसं विचारायचं यावरून मात्र अजून भांडण चालू आहे. जाऊबाई म्हणतात, तो प्रश्नच काढून टाका.